ऑप्शन म्हणजे डच्चू नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पानावर अमेरिकन बेसबॉलच्या चार ओळी हल्ली अधूनमधून दिसू लागल्या आहेत. मुले-नातवंडे तिकडे असलेली घरे आता गल्लोगल्ली आहेत, तेव्हा त्या वाचल्याही जात असणार. तक्रार एका शब्दाची आहे. एखादा खेळाडू वरच्या संघातून खाली गेला की बातमीत हमखास 'डच्चू' येतो. कधी 'हकालपट्टी', कधी नुसतेच 'संघाबाहेर'. क्रिकेटमध्ये निवड समिती बसते, पंधरा नावे जाहीर होतात आणि ज्याचे नाव नाही त्याला डच्चू मिळतो, इतके ते सरळ आहे. बेसबॉलमध्ये खाली जायच्या निदान पाच-सहा वाटा आहेत आणि त्यांतली एखादीच डच्चूच्या जवळ जाते. बाकीच्या बदलीच्या, दुरुस्तीच्या किंवा निव्वळ हिशेबाच्या असतात.

उदाहरणाला पिट्सबर्ग पायरेट्स घेतो. हा काही पैसेवाला संघ नाही. न्यूयॉर्क-लॉस एंजेलिससारखे तयार खेळाडू विकत घेणे त्याला परवडत नाही, म्हणून त्याचे सगळे भवितव्य खालच्या संघांत वाढत असते. मूळ संघापुरतेच लक्ष ठेवणाऱ्याला १९९३ ते २०१२ अशी सलग वीस वर्षे पराभवांच्या बेरजेखेरीज काही हाती लागले नसते.

आधी उतरंड. मेजर लीगचा, म्हणजे सर्वांत वरच्या पायरीचा, संघ म्हणजे २६ खेळाडू, सप्टेंबरात २८. त्यांच्याभोवती ४० जणांची यादी असते आणि खरे राजकारण या चाळिसाचे. त्याखाली चार संघ: इंडियानापोलिस (ट्रिपल-ए, हंगामात १५० सामने), अल्टूना (डबल-ए, १३८), ग्रीन्सबरो (हाय-ए, १३२) आणि फ्लोरिडातले ब्रॅडेंटन (सिंगल-ए, १३२). आणखी खाली ब्रॅडेंटनच्याच पायरेट सिटी या प्रशिक्षण संकुलातला नवशिक्यांचा संघ, आणि तळाशी डॉमिनिकन रिपब्लिकमधली एल तोरोची अकादमी, जिथे सतरा-अठरा वर्षांची पोरे असतात. सगळे मिळून दोनशेच्या वर खेळाडू.

खेळाडू, प्रशिक्षक, फिजिओ यांचा पगार पायरेट्स देतात आणि कोण कुठे खेळणार हेही तेच ठरवतात. मैदान, तिकिटे, जाहिराती, खाण्यापिण्याचे गाळे हा बहुतेक ठिकाणी स्थानिक मालकाचा धंदा. अल्टूनाच्या मैदानामागे रोलर कोस्टर आहे, ग्रीन्सबरोला पडलेली बॅट तोंडात धरून आणणारे कुत्रे असतात. प्रेक्षक त्यासाठीही येतात. रणजीशी तुलना करायचा मोह होतो, पण ती इथे फसते. मुंबईचा रणजी संघ भारतीय संघाच्या मालकीचा नाही आणि करंडक मुंबईला स्वतःसाठी हवा असतो. अल्टूनाच्या मॅनेजरला मात्र सामना हातात असतानाही पिचरचे (चेंडू टाकणाऱ्याचे) ठरलेले पिच (टाकायचे चेंडू) संपले की त्याला काढावेच लागते, कारण वरून आलेला आकडा सामन्यापेक्षा मोठा. म्हणून खालच्या संघांचे जय-पराजय छापण्यात फारसा अर्थ नाही. कोण खेळला, किती खेळला आणि कुठल्या जागेवर खेळला, एवढे पाहावे.

जुने लेख वाचताना एक सावधगिरी हवी. २०२० पर्यंत असे संलग्न संघ १६० होते, २०२१ पासून ते १२० केले गेले, म्हणजे प्रत्येक क्लबला चार. त्या कात्रीत कित्येक गावांचे संघ गेले. रिंकू सिंग २०११ मध्ये जिथे खेळला तो वेस्ट व्हर्जिनियाचा संघही आता कोणाशी संलग्न नाही. (हा रिंकू सिंग क्रिकेटमधला नव्हे, उत्तर प्रदेशातला डावखुरा भालाफेकपटू. २००८ मध्ये भारतात झालेल्या पिच टाकण्याच्या स्पर्धेतून तो आणि दिनेश पटेल पायरेट्सपर्यंत पोचले.)

आता त्या वाटा. पहिली, आणि सर्वांत जास्त वेळा दिसणारी, ऑप्शन. चाळिसातला खेळाडू सव्विसातून काढून इंडियानापोलिसला पाठवतात. त्याचे चाळिसातले स्थान कायम राहते, दुसरा कोणी क्लब त्याला उचलू शकत नाही आणि पगारही खालच्या साध्या खेळाडूपेक्षा जास्त असतो. अशी तीन वर्षे प्रत्येकाच्या वाट्याला असतात. त्या हंगामात खाली एकूण २० दिवस भरले तरच वर्ष खर्ची पडते. क्लब आणि खेळाडूंच्या २०२२ च्या करारापासून एका हंगामात पाचपेक्षा जास्त वेळा असे खाली पाठवता येत नाही. पाठवल्यावर फलंदाजाला निदान १० दिवस आणि पिचरला १५ दिवस वर आणता येत नाही, मात्र कोणी जखमी झाला आणि त्याची जागा भरायची असेल तर चालते. यामुळेच एखादा राखीव पिचर काल दोन इनिंग उत्तम टाकतो आणि आज खाली जातो. त्याने काही बिघडवलेले नसते. त्याचा हात आता दोन दिवस वापरता येणार नाही आणि ताजा हात हवा आहे, एवढेच. ज्याचे ऑप्शन शिल्लक आहेत तो जातो; ज्याचे संपले आहेत तो वाईट खेळूनही राहतो. मार्चअखेर सराव शिबिरातून कोण निवडला जाईल याचे भाकीत करायचे तर धावांच्या सरासरीआधी ऑप्शनचा रकाना पाहावा. निम्मे कोडे तिथेच सुटते.

दुसरी वाट डीएफए, म्हणजे 'डेझिग्नेटेड फॉर असाइनमेंट'. इथे खेळाडूचे नाव चाळिसातूनच काढतात. क्लबला सात दिवस मिळतात: सौदा करा, मोकळे करा, नाहीतर वेव्हरवर टाका. वेव्हरवर टाकले की बाकीच्या क्लबांना त्याच्यावर हक्क सांगता येतो. कोणी सांगितला नाही तर तो खालच्या संघात जातो, पण चाळिसाच्या बाहेर. पूर्वी एकदा असे झालेले असेल किंवा मेजर लीगमधली तीन वर्षे भरली असतील तर तो नकार देऊन मोकळा होऊ शकतो. डच्चू म्हणायचेच असेल तर इथे म्हणता येईल, तेही सात दिवस थांबून.

तिसरी वाट दुखापतीची. फलंदाजांसाठी १० दिवसांची यादी, पिचरसाठी १५ दिवसांची, डोक्याला मार बसला तर ७ दिवसांची आणि मोठ्या दुखापतीसाठी ६० दिवसांची. ६० दिवसांच्या यादीतला खेळाडू चाळिसात मोजला जात नाही, त्यामुळे तिथे टाकले की एक जागा मोकळी होते. ही जागा उसनी असते. वर्ल्ड सिरीज (हंगामाची अंतिम मालिका) संपल्यावर पाच दिवसांत असे सगळे जण चाळिसात परत येतात आणि नोव्हेंबरात क्लबची तारांबळ उडते. बरा होत आलेला खेळाडू सरावासाठी खालच्या संघात खेळतो. फलंदाजाला २० दिवस, पिचरला ३०. 'नामांकित खेळाडूची अल्टूनात घसरण' असे कुठे वाचलेत तर तो बहुधा हाच प्रकार असतो. त्या सामन्यांतले त्याचे आकडे सोडून द्यावेत. पिचरला त्या दिवशी कदाचित एकच नवा पिच घासूनपुसून बघायचा असतो आणि तो बडवला जातो.

चौथी वाट थोडी आडवळणाची आहे, पण पायरेट्सच्या इतिहासात तिच्याइतके मोल दुसऱ्या कशाला नाही. दर डिसेंबरात रूल फाइव्ह ड्राफ्ट, म्हणजे दुसऱ्या क्लबांचे खेळाडू निवडण्याची फेरी, होतो. १८ किंवा त्याहून कमी वयात करारबद्ध झालेल्या खेळाडूला पाच हंगामांत, मोठ्या वयात आलेल्याला चार हंगामांत चाळिसात घेतले नाही, तर दुसरा क्लब १,००,००० डॉलर भरून त्याला नेऊ शकतो. अट अशी की पुढचा पूर्ण हंगाम त्याला वरच्या सव्विसात ठेवायचे. नाही ठेवले तर मूळ क्लबला ५०,००० डॉलरमध्ये परत देऊ करायचे. अडवून ठेवलेल्या खेळाडूला वाट मिळावी म्हणून हा नियम आहे. १९५४ मध्ये ब्रुकलिन डॉजर्सनी रोबेर्तो क्लेमेंतेला मॉन्ट्रियलच्या संघात ठेवून फारसे खेळवलेच नाही; कोणाच्या डोळ्यांत भरू नये हा हेतू, असे सांगितले जाते. पायरेट्सनी त्या नोव्हेंबरातल्या ड्राफ्टमध्ये ४,००० डॉलरला त्याला उचलला. पुढे बरोबर ३,००० हिट आणि १९६० व १९७१ च्या वर्ल्ड सिरीज. गंमत म्हणजे त्या वेळी पायरेट्सचा कारभार पाहणारे ब्रँच रिकी हेच १९२० च्या दशकात सेंट लुईसला या खालच्या संघांच्या पद्धतीचे जनक. रोपवाटिका कशी लावायची हे ज्याला कळत होते, त्याला दुसऱ्याच्या वाटिकेत कुठले रोप झाकून ठेवले आहे तेही कळले. म्हणून नोव्हेंबरच्या मध्यावर कोण चाळिसात आला ही बातमी हंगामातल्या दहा सामन्यांपेक्षा मोठी असते, आणि नेमकी तीच छापली जात नाही.

वर येण्यातही हिशेब असतो. मेजर लीगमध्ये १७२ दिवस म्हणजे एक वर्ष, आणि अशी सहा वर्षे झाली की खेळाडू कुठल्याही क्लबकडे जायला मोकळा. हंगाम साधारण १८६-१८७ दिवसांचा. म्हणजे गुणी पोराला एप्रिलचे पहिले दोन-तीन आठवडे खाली ठेवले की क्लबला त्याचे आणखी एक वर्ष जवळजवळ फुकट मिळते. 'अजून तयार नाही' हे वाक्य एप्रिलमध्ये ऐकले की कॅलेंडरकडे बघावे. पॉल स्कीन्स हा २०२३ च्या नवोदितांच्या ड्राफ्टमधला पहिल्या क्रमांकाचा पिचर. २०२४ मध्ये तो इंडियानापोलिसला सात सामन्यांत मिळून २७.१ इनिंग टाकून ११ मे रोजी वर आला. तिथे त्याची धावसरासरी (नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा) ०.९९ होती. सामन्यामागे चार इनिंगही नाहीत, हे पाहून कोणी त्याला कच्चा म्हणेल; पण पिचची मर्यादा जाणूनबुजून लहान ठेवून हळूहळू वाढवली होती. त्यात कॅलेंडरचा वाटा नव्हता असे मात्र म्हणवत नाही. शेवटी कॅलेंडर वायाच गेले: सर्वोत्तम नवोदिताच्या मतदानात पहिल्या दोघांत येणाऱ्या गाजलेल्या नवोदिताला पूर्ण वर्ष बहाल करण्याचा नियम २०२२ पासून आहे. स्कीन्स पहिला आला, वर्ष त्याला मिळाले आणि २०२५ मध्ये सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कारही.

(२७.१ म्हणजे सत्तावीस पूर्णांक एक दशांश नव्हे. एका इनिंगमध्ये तीन बाद, म्हणून .१ म्हणजे एक तृतीयांश. षटकांत ४.३ म्हणजे चार षटके तीन चेंडू, तसेच. बातमीत २७.१ चे 'सव्वासत्तावीस' होऊ नये.)

आकडे वाचताना कुठले मैदान हे आधी विचारावे. ग्रीन्सबरोच्या कुंपणावरून होम रन सहज जातात, म्हणून तिथे फलंदाज फुगतात आणि पिचर बिचारे दिसतात. फ्लोरिडातल्या दमट उन्हाळ्यात, मोठ्या मैदानांवर ब्रॅडेंटनला उलटे होते. इतर क्लबांचे ट्रिपल-ए संघ पाहणाऱ्यांनी पॅसिफिक कोस्ट लीगमधल्या उंचावरच्या मैदानांचे, अल्बुकर्की-रेनोचे, आकडे मीठ लावूनच घ्यावेत. विरळ हवेत चेंडू लांब जातो आणि कमी वळतो. मैदानाचा परिणाम सर्वांत कमी होतो तो स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) आणि वॉकवर (चार चुकीच्या पिचमुळे फलंदाजाला फुकट मिळालेला बेस). पिचरच्या स्ट्राइकआउटच्या टक्क्यांतून वॉकचे टक्के वजा करावेत. कागदावर एवढा एकच आकडा मांडायचा असेल तर हा मांडावा. जोडीला वय. ब्रॅडेंटनला साधारण एकवीस-बावीस, अल्टूनाला चोवीस, इंडियानापोलिसला सव्वीस-सत्तावीस हे सर्वसाधारण वय धरावे. पंचविशीतला गडी ब्रॅडेंटनमध्ये धावा लुटतो त्याचे कौतुक बेताने करावे. कॉनर ग्रिफिनची गोष्ट वेगळी: २०२४ मध्ये शाळेतून थेट नवव्या क्रमांकावर निवडलेला हा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) २०२५ मध्ये एकोणिसाव्या वर्षी ब्रॅडेंटन, ग्रीन्सबरो आणि अल्टूना अशा तिन्ही पायऱ्या एकाच हंगामात चढला, सरासरी .३३३, होम रन २१ आणि चोरलेले बेस ६५. अल्टूना ही खरी चाळणी. वेगवान पिचवर जगणारे फलंदाज आणि नुसत्या वेगावर जगणारे पिचर तिथे अडकतात, कारण समोरच्याला पिच मागेपुढे करता येऊ लागलेले असतात.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. प्रत्येक पिचचा वेग, फिरकी आणि चेंडू बॅटवरून किती वेगाने सुटला हे आकडे ट्रिपल-एमधून आणि ब्रॅडेंटनच्या फ्लोरिडा स्टेट लीगमधून सर्वांना खुले मिळतात. मधल्या अल्टूना आणि ग्रीन्सबरोचे तसे मिळत नाहीत. म्हणजे खेळाडू दिसतो, मग दोन पायऱ्या अंधारात जातो आणि पुन्हा दिसतो. ब्रॅडेंटनला ताशी १५० किलोमीटरने टाकणारा पोरगा इंडियानापोलिसला आल्यावर १५५ चा झाला आहे का, हे त्या दोन टोकांवर ताडून पाहावे. ट्रिपल-एच्या वॉकबाबतही जपून राहावे. २०२३ मध्ये तिथे स्ट्राइकचा निर्णय यंत्राने देण्याचे प्रयोग सर्वत्र सुरू झाले आणि नंतर पंचाच्या निर्णयावर यंत्राकडे अपिलाची पद्धत तेवढी राहिली, म्हणून त्या वर्षांचे वॉक जुन्या वर्षांशी सरळ ताडता येत नाहीत. अपिलाची तीच पद्धत २०२६ पासून मेजर लीगनेही घेतली आहे.

इथून हे सगळे पाहण्याची वेळ. मार्चचा दुसरा रविवार ते नोव्हेंबरचा पहिला रविवार पिट्सबर्ग आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, एरवी साडेदहा. तिथला संध्याकाळचा ६:४० चा सामना आपल्याकडे पहाटे ४:१० ला सुरू होतो. रविवारी दुपारी १:३५ चा सामना रात्री ११:०५ ला. सर्वांत सोयीचे ते सर्वांत तळातले: फ्लोरिडा संकुलातले दुपारी १२ चे सामने आपल्या रात्री ९:३० ला, डॉमिनिकनचे सकाळी ११ चे ८:३० ला, जेवण आटोपता आटोपता. सोमवारी ट्रिपल-एपासून सिंगल-एपर्यंत सुट्टी; मंगळवार ते रविवार एकाच प्रतिस्पर्ध्याशी सहा सामने. पिचर सहा असले की प्रत्येकाचा वार ठरून जातो. या बुधवारी टाकलेला पुढच्या बुधवारी येतो. आपल्या वारी तो आला नाही तर दोनच शक्यता: हात दुखतो आहे किंवा वरून निरोप आला आहे. सहाव्या इनिंगमध्ये काही कारण नसताना फलंदाज बाहेर काढला आणि डगआउटमध्ये मिठ्या चालू झाल्या, तर मात्र शंकाच नको. पिचर बबा चँडलर २०२५ चा जवळजवळ सगळा हंगाम इंडियानापोलिसला थांबला आणि २२ ऑगस्टला वर येऊन पहिल्याच सामन्यात चार इनिंग एकही धाव न देता टाकल्या. सुरुवातीचा पिचर असूनही सामन्याच्या शेवटी, म्हणून खात्यावर जय न लागता 'सेव्ह' (शेवटी आघाडी टिकवल्याची नोंद) लागला. मराठी बातमीत तो जय म्हणून यायला वेळ लागत नाही.

धावफलक वाचताना आणखी दोन खड्डे आहेत. मायनर लीगमध्ये, म्हणजे या खालच्या पायऱ्यांवर, एका दिवशी दोन सामने असले की ते सात-सात इनिंगचे असतात. 'सातव्या इनिंगमध्ये सामना थांबवला' असे छापू नये. पावसाने अर्धवट राहिलेला सामना पुढे कधीतरी पूर्ण होतो, पण नोंद मूळ तारखेलाच राहते. त्यामुळे खेळाडू त्या तारखेला भलत्याच गावी होता असे दिसते. मेजर लीगमध्ये तर डॅनी जॅन्सन २६ जून २०२४ ला टोरोंटोकडून सुरू झालेला सामना २६ ऑगस्टला बोस्टनकडून खेळला: एकाच सामन्यात दोन्ही बाजूंनी. तारखेचा घोळ टाळायला बातमीत अमेरिकन तारीख द्यावी. आपली 'काल' देऊन नोंद शोधता येत नाही.

राहता राहिला पगार. 'मायनर लीगमध्ये उपाशी पोटी' छापाचे जुने लेख अजून फिरतात. खेळाडूंची संघटना २०२२ मध्ये झाली आणि २०२३ च्या करारात किमान वार्षिक पगार सिंगल-एला २६,२००, हाय-एला २७,३००, डबल-एला ३०,२५० आणि ट्रिपल-एला ३५,८०० डॉलर ठरला. राहण्याची सोय क्लब करतो. वरच्या संघातला किमान पगार २०२५ मध्ये ७,६०,००० डॉलर होता, म्हणजे दिवसाला चार हजारांच्या वर. पंधरा दिवस वर राहिलेला मुलगा खालच्या दीड वर्षाहून जास्त कमावतो. त्याला पंधराव्या दिवशी ऑप्शनने परत पाठवला तर तो खट्टू होतो हे खरे, पण त्याच्या घरी त्या दिवशी डच्चूचे वातावरण नसते.

तेव्हा विनंती एवढीच. ऑप्शनला 'इंडियानापोलिसला रवानगी' म्हणावे. डीएफएला 'चाळिसातून नाव काढले'. सरावासाठी खाली खेळणाऱ्याला 'पुनरागमनाचा सराव'. डच्चू हा शब्द करार संपवून घरी पाठवलेल्यासाठी राखून ठेवावा. २०१० च्या अखेरीस दिनेश पटेलच्या बाबतीत तो बरोबर बसला असता. आणि इंडियानापोलिसच्या संघाचे पूर्ण नाव 'इंडियानापोलिस इंडियन्स' आहे, १९०२ पासून. त्याचे भाषांतर 'भारतीयांचा अमेरिकेत विजय' असे होऊ देऊ नये.

आपला,
एक वाचक, पुणे